इमारतीतील बदल आणि त्यांची नोंद : संगणकीय प्रतिकृतीचा उपयोग



रुग्णालयाच्या नियोजित विस्तार-इमारतीविषयी बोलताना अनेक देणगीदारांनी आणि रुग्णांच्या आप्तांनी आम्हांला एक प्रश्न आवर्जून विचारला आहे. पाया खणण्यापूर्वीच संगणकावरील प्रतिकृती तयार करून घेण्यावर खर्च कशासाठी? वास्तुविशारदांनी नकाशे दिलेले आहेतच; मग तेच पुन्हा संगणकावर मांडण्याचा खटाटोप का? हा प्रश्न रास्त आहे. संस्थेकडे येणारा प्रत्येक रुपया कोणीतरी विश्वासाने दिलेला असतो, आणि तो खाटेवर, औषधावर किंवा यंत्रावर खर्च न होता अन्यत्र खर्च होत असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. म्हणून या अहवालात त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

उत्तराचा सारांश असा : बांधकामात बदल अटळ असतात. बदलामुळे जितके नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान बदलाची वार्ता सर्वांपर्यंत न पोहोचल्याने होते. ही वार्ता वेळेवर पोहोचवणे, बदलाची किंमत तो करण्याआधी दाखवणे आणि झालेला बदल पुढील पिढीसाठी लक्षात ठेवणे, ही तीन कामे संगणकीय प्रतिकृती करू शकते. मात्र ती माणसांनी नीट सांभाळली पाहिजे.

बदल कोठून येतात

कोणतीही मोठी इमारत पहिल्या नकाशाबरहुकूम तंतोतंत उभी राहत नाही. खोदकामात अपेक्षेपेक्षा वर खडक लागतो किंवा खाली पाणी लागते. शासकीय मंजुरीच्या वेळी जिन्याची रुंदी वाढवण्यास सांगितले जाते. ठरवलेल्या मापाची वस्तू बाजारात मिळत नाही. घर बांधलेल्या प्रत्येकाने याचा अनुभव घेतलेला असतो.

रुग्णालयाच्या बाबतीत यांत आणखी एका कारणाची भर पडते. नकाशा मंजूर होण्यापासून पहिला रुग्ण दाखल होईपर्यंत काही वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात वैद्यकशास्त्र थांबून राहत नाही. ज्या यंत्रासाठी खोली आखली, त्याचे नवे रूप बाजारात येते. उपचाराची पद्धत बदलते. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडच्या साथीत देशभरातील रुग्णालयांना साध्या वॉर्डांत प्राणवायूच्या वाहिन्या टाकाव्या लागल्या. तत्पूर्वीच्या नकाशांत एवढ्या मागणीची कल्पनाही नव्हती. उच्च प्रवाहाने प्राणवायू देणाऱ्या उपकरणावर एका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह द्यावा लागू शकतो. त्यामुळे खाटा वाढवणे हा केवळ जागेचा प्रश्न राहत नाही. मूळ वाहिनीचा व्यास तेवढा भार पेलेल की नाही, हे पाहावे लागते.

तात्पर्य, रुग्णालयाच्या इमारतीत बदल होऊच नयेत असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही, आणि रुग्णांच्या हिताचेही नाही.

कागदी नकाशाची मर्यादा

परंपरेने एका इमारतीचे नकाशे अनेक संचांत विभागलेले असतात. वास्तुविशारदाचा संच निराळा, खांब-तुळयांचा निराळा, विजेचा, पाण्याचा, वातानुकूलनाचा, अग्निशमनाचा आणि वैद्यकीय वायूंचा निराळा. प्रत्येक संच आपापल्या जागी बरोबर असू शकतो. अडचण येते ती हे सर्व संच एकाच छतात एकत्र येतात तेव्हा.

शस्त्रक्रियागृहाचेच उदाहरण घ्या. तेथील हवा सामान्यतः तासाला किमान २० वेळा बदलली जावी अशा बेताने वातानुकूलन आखले जाते. त्यासाठी मोठे डक्ट लागतात. त्याच छतात दिव्यांच्या तारा, प्राणवायू व निर्वात वाहिन्या, आगीच्या वेळी पाणी फवारणारे नळ आणि वरच्या मजल्यावरून येणारे सांडपाण्याचे पाइप असतात. सांडपाण्याच्या पाइपाला उतार द्यावाच लागतो. तो मनाला येईल तसा वर उचलता येत नाही. तुळई तर हलवताच येत नाही. कागदावर सहा निरनिराळ्या पानांवर सुखाने नांदणाऱ्या या गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींना आडव्या येतात. मग जागेवरचा मिस्त्री आपल्या परीने वाट काढतो, एखादा पाइप वळवतो, एखादा डक्ट दाबून बसवतो. काम पुढे सरकते. परंतु तो वळलेला पाइप कोणत्याच नकाशात उमटत नाही.

शिवाय एका नकाशात केलेला बदल उरलेल्या नकाशांत हाताने करावा लागतो. एक भिंत अर्धा मीटर सरकवली, तर तळमजल्याचा आराखडा, उभा छेद, विजेच्या बटणांचा तक्ता, फरशीचे मोजमाप आणि दारांची यादी अशा अनेक ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्यांतील एक जरी राहिली, तरी दोन कंत्राटदार दोन निराळ्या इमारती बांधू लागतात.

संगणकीय प्रतिकृती म्हणजे काय

या अडचणीवर उपाय शोधण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात काम करणारे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये अशी मांडणी केली की, इमारतीचे वर्णन संगणकात एकदाच साठवावे आणि सर्व नकाशे त्या एकाच वर्णनातून काढावेत. म्हणजे बदल एकदाच करावा लागेल आणि पुढचे सर्व नकाशे आपोआप सुधारतील. तेव्हाचे संगणक या कामाला अपुरे होते. पुढे यंत्रे सक्षम झाली आणि या पद्धतीला ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’, बोलताना नुसते ‘बिम’, असे नाव रूढ झाले. ब्रिटनमध्ये केंद्र शासनाच्या बांधकामांसाठी २०१६ पासून ही पद्धत आवश्यक ठरली, आणि २०१८ मध्ये तिच्या माहिती-व्यवस्थापनासाठी आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले दोन भाग प्रसिद्ध झाले.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. जाहिरातींत दिसणारे इमारतीचे सुंदर रंगीत चित्र म्हणजे ही प्रतिकृती नव्हे. चित्रातील भिंत ही केवळ रेषा आणि रंग असतो. प्रतिकृतीतील भिंतीला आपण भिंत आहोत हे ‘ठाऊक’ असते : तिची जाडी, उंची, साहित्य, अग्निरोधक क्षमता, तिच्यातील दारे आणि तिला लागून गेलेल्या वाहिन्या ही माहिती तिला जोडलेली असते. भिंत सरकवली की तिच्यातील दारही सरकते आणि विटांचे मोजमापही बदलते. सर्व शाखांच्या प्रतिकृती एकत्र ठेवल्या, म्हणजे कोठे डक्ट तुळईतून जात आहे, कोठे पाइप दिव्यावर येत आहे, हे संगणक शोधून दाखवतो. तंत्रज्ञ याला ‘क्लॅश’ म्हणतात. संगणकावर सापडलेला क्लॅश काही मिनिटांत दूर होतो. काँक्रीट ओतल्यावर सापडलेला क्लॅश दूर करण्यास छिन्नी-हातोडा आणि हिऱ्याची करवत लागते.

एका यंत्राचे उदाहरण

बदलाचे धागे कोठवर पोहोचतात हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एमआरआय विभागासाठी एक यंत्र गृहीत धरून खोली आखली आहे, आणि काम सुरू झाल्यानंतर डॉक्टरांनी त्याहून उपयुक्त असे दुसरे यंत्र सुचवले. वरवर पाहता एक यंत्र काढून दुसरे ठेवायचे, एवढाच हा बदल.

परंतु या यंत्राचे वजन काही टन असते, म्हणून प्रथम स्लॅबची ताकद तपासावी लागते. ते ज्या मार्गाने आत न्यायचे, त्या संपूर्ण मार्गाची रुंदी, दारांची उंची आणि वाटेतील स्लॅबही तपासावे लागतात. खोलीला चहूबाजूंनी रेडिओलहरी अडवणारे धातूचे आवरण असते. त्याची मापे बदलतात. यंत्राचे चुंबकीय क्षेत्र भिंतीपलीकडेही पसरते, म्हणून शेजारची लिफ्ट व वाहनतळ किती अंतरावर आहेत हे पाहावे लागते. कारण लोखंडाची मोठी हालचाल प्रतिमा बिघडवू शकते, आणि पेसमेकर बसवलेली व्यक्ती त्या क्षेत्रात नकळत येता कामा नये. बहुतेक यंत्रांत चुंबक थंड ठेवण्यासाठी द्रवरूप हेलियम असते. आणीबाणीत त्याचा वायू होऊन तो वेगाने बाहेर पडतो, आणि त्याला मोकळ्या हवेत नेणारी स्वतंत्र नळी लागते. अलीकडे अगदी थोडे हेलियम लागणारी, अशी नळी न लागणारी यंत्रेही मिळतात. म्हणजे निवड बदलली, तर वरच्या मजल्यांतून जाणारी एक संपूर्ण नळी वाढते किंवा कमी होते. याखेरीज विजेचा भार आणि थंड पाण्याची गरज बदलते, ते निराळेच.

कागदी पद्धतीत हे धागे एकेक करून, बहुधा काम अडल्यावर, ध्यानात येतात. प्रतिकृतीत नवे यंत्र ठेवून पाहिले, म्हणजे त्यांतील बरेचसे एकाच बैठकीत डोळ्यांसमोर येतात. हे पाहिल्यानंतर बदल करावा असेही ठरू शकते आणि करू नये असेही. डॉक्टरांची सूचना मान्य करणे वा नाकारणे हा निर्णय प्रतिकृती घेत नाही. तो निर्णय डोळसपणे घेता येतो, एवढेच तिचे श्रेय.

एका रुग्णालयाचा अनुभव

ही पद्धत रुग्णालयाच्या कामात कशी वापरली गेली, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला आणि त्यात अनेक रुग्णालयांचे नुकसान झाले. ज्या क्षणी रुग्णालयांची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती निकामी व्हावीत, ही गोष्ट राज्याच्या जिव्हारी लागली. त्याच वर्षी कायदा करून जुन्या रुग्णालयांनी भूकंपाला तोंड देण्याजोग्या इमारती उभाराव्यात, असे ठरवण्यात आले.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील कॅस्ट्रो व्हॅली येथील ईडन मेडिकल सेंटर हे त्यांपैकी एक. सटर हेल्थ या ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेने तेथे १३० खाटांचे नवे रुग्णालय बांधण्याचे ठरवले. अंदाजे खर्च सुमारे ३२ कोटी डॉलर होता आणि कायद्याची मुदत जवळ येत चालली होती. कॅलिफोर्नियात रुग्णालयाच्या नकाशांची तपासणी राज्याची स्वतंत्र यंत्रणा करते, आणि मंजुरीनंतर महत्त्वाचा बदल करायचा तर पुन्हा मान्यता घ्यावी लागते. त्यामुळे उशिरा सुचलेला बदल तेथे विशेष महाग पडतो.

या प्रकल्पात दोन गोष्टी एकत्र केल्या गेल्या. मालक, वास्तुविशारद, अभियंते, मुख्य कंत्राटदार आणि प्रमुख उपकंत्राटदार अशा ११ पक्षांनी एकाच करारावर सह्या केल्या, आणि नफा-तोट्यात सर्वांचा वाटा राहील असे ठरले. दुसरे म्हणजे, सर्वांनी आपापल्या कामाच्या संगणकीय प्रतिकृती नियमित एकत्र आणून तपासल्या. पाइप बसवणारा आणि वीजकाम करणारा कंत्राटदार नकाशे तयार झाल्यावर नव्हे, तर ते तयार होत असतानाच चर्चेत होते. बदल सुचला की तो कोणाच्या कामाला कसा भिडतो हे त्या त्या कामाचा जाणकार तेथल्या तेथे सांगू शके. मापे भरवशाची असल्यामुळे अनेक भाग बाहेर आधी तयार करून जागेवर आणून बसवता आले. नवे रुग्णालय डिसेंबर २०१२ मध्ये, १ जानेवारी २०१३ ही मुदत उलटण्यापूर्वी, रुग्णसेवेत रुजू झाले.

यात कराराचे महत्त्व प्रतिकृतीहून कमी नाही. जेथे प्रत्येक जण चूक दुसऱ्याच्या माथी मारण्याच्या विचारात असतो, तेथे अडचण उघड करणारे साधन कोणालाच नको असते.

वेळ आणि पैसा

प्रतिकृतीला कामाचे वेळापत्रक जोडले, की कोणत्या महिन्यात कोणता भाग उभा राहील हे पाहता येते. तिला दर व प्रमाणे जोडली, की खर्चाचा अंदाज मिळतो. लांबी, रुंदी, उंची या तीन मितींनंतर वेळ ही चौथी आणि खर्च ही पाचवी मिती, असे तंत्रज्ञ मानतात. आपल्या राज्यात नागपूर मेट्रोच्या उभारणीत महा मेट्रोने ही पाच मितींची पद्धत अवलंबली होती. त्या मार्गावरील पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. अर्थात, मेट्रोसारख्या प्रकल्पाचा पसारा आणि धर्मादाय रुग्णालयाची एक इमारत यांची बरोबरी होत नाही. पण बदल मंजूर करताना ‘याने खर्च किती वाढेल आणि दिवस किती वाढतील’ हे दोन प्रश्न दोन्हीकडे सारखेच असतात. विश्वस्तांना सही करण्यापूर्वी त्यांची उत्तरे मिळणे, हाच देणगीदाराच्या पैशाचा खरा पहारा होय.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत

या साधनाचे गुणगान करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रतिकृतीला जेवढे सांगितले तेवढेच तिला ठाऊक असते. जागेवर झालेला बदल तिच्यात नोंदवला नाही, तर ती लवकरच एका अस्तित्वात नसलेल्या इमारतीचे वर्णन करू लागते. तशी प्रतिकृती कागदी नकाशाहून अधिक घातक, कारण तिच्यावर विश्वास अधिक बसतो.

दुसरी मर्यादा मेळाची. बांधकामाबाहेरचे असले तरी एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. एअरबस कंपनीच्या ए-३८० या अवाढव्य विमानाचे भाग जर्मनी व फ्रान्समध्ये तयार होत होते. दोन्हीकडे संगणकीय प्रतिकृती होत्या, परंतु एकाच आज्ञावलीच्या निरनिराळ्या आवृत्त्या वापरात होत्या. परिणामी तारांच्या जुळणीतील बदल नीट परस्परांपर्यंत पोहोचले नाहीत, जोडणीच्या वेळी काही तारा आखूड पडल्या, आणि २००६ मध्ये विमानांच्या सुपूर्तीला मोठा विलंब जाहीर करावा लागला. साधन उत्तम असूनही सर्वांची आवृत्ती एक नसेल, तर जुनाच रोग नव्या रूपात परततो.

तिसरी मर्यादा माणसांची. इमारत बांधणारा गवंडी, सुतार, प्लंबर संगणकासमोर बसत नाही. त्याच्या हाती कागदच असतो. तेव्हा त्याच्या हातातील कागद कोणत्या तारखेचा आहे, जुना कागद परत घेतला की नाही, हे पाहणारा जबाबदार माणूस जागेवर असावाच लागतो.

इमारत पूर्ण झाल्यानंतर

इमारत बांधून झाली की कंत्राटदार जातो. रुग्णालय मात्र तेथेच राहते, आणि बदलही थांबत नाहीत. एका खोलीचा अतिदक्षता विभाग होतो, गोदामाची प्रयोगशाळा होते, नवी यंत्रे येतात आणि विजेचा भार वाढत जातो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षाला लागलेल्या आगीत १० बालकांचे प्राण गेले. त्या दुःखद घटनेनंतर महाराष्ट्रात रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची आणि वीजव्यवस्थेची तपासणी हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला. कोणत्याही अशा तपासणीत पहिला प्रश्न हाच येतो : या भिंतीमागे, या छतावर आज नेमके काय आहे? मूळ आराखड्यात होते ते नव्हे, आज आहे ते.

प्राणवायूची झडप कोणत्या छतात आहे, ती बंद केल्यास कोणत्या खाटांचा पुरवठा थांबेल, कोणत्या वायरवर नंतर किती यंत्रे जोडली गेली, ही माहिती बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या, अनुभवी कर्मचाऱ्याच्या स्मरणात असते. अशा कर्मचाऱ्यांचे मोल आम्ही जाणतो. परंतु ते निवृत्त होतात, रजेवर असतात, आणि संकट रात्री तीन वाजता येते. जागेवर झालेल्या प्रत्येक बदलासह अद्ययावत ठेवलेली प्रतिकृती हे ज्ञान संस्थेच्या मालकीचे करते. जुन्या इमारतींचे नकाशे विश्वासार्ह नसतील, तर लेसर किरणांच्या साहाय्याने खोल्यांची मोजणी करून त्यांच्याही प्रतिकृती तयार करता येतात. मात्र भिंतीआड लपलेले अशा मोजणीत दिसत नाही. म्हणूनच भिंत बंद होण्यापूर्वी नोंद करणे महत्त्वाचे.

आमची शिस्त आणि आपणांस विनंती

या सर्व विचारांती विश्वस्त मंडळाने काही नियम स्वीकारले आहेत. प्रत्येक बदलाची मागणी लेखी असेल, मग ती कोणाचीही असो. तिचा परिणाम प्रतिकृतीत तपासून खर्च व कालावधी यांचा अंदाज जोडल्याशिवाय तिला मंजुरी मिळणार नाही. मंजूर बदल प्रतिकृतीत उतरल्यानंतरच नवे नकाशे जागेवर जातील आणि जुने परत घेतले जातील. प्रत्येक विभागाच्या आखणीसाठी एक दिवस निश्चित राहील, आणि त्यानंतर केवळ रुग्णांची सुरक्षितता, कायदा किंवा अपरिहार्य अडचण एवढ्याच कारणांनी बदल केला जाईल. काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराने प्रत्यक्ष बांधलेल्या स्थितीची प्रतिकृती सुपूर्द करावी, अशी अट करारात राहील, आणि पुढे ती सांभाळण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या देखभाल विभागाकडे राहील.

आमच्या डॉक्टर सहकाऱ्यांना विनंती अशी की, आपल्या विभागाची आखणी आताच, प्रतिकृतीसमोर बसून बारकाईने पाहावी. खाटेभोवती फिरायला जागा पुरते का, परिचारिकेला रुग्ण दिसतो का, हे आज सांगणे सोपे आहे. देणगीदारांनाही नम्र विनंती आहे. आपल्या प्रियजनांच्या स्मरणार्थ दिलेल्या कक्षाविषयी आपल्या मनात काही सूचना असतील, तर त्या आखणी निश्चित होण्यापूर्वी अवश्य कळवाव्यात. त्यानंतर आलेली सूचना आम्हांला स्वीकारता आली नाही, तर त्यात आपल्याविषयीचा अनादर नाही. आपल्याच देणगीची ती काळजी आहे, असे कृपया समजावे.

रुग्णांच्या नातेवाइकांना या सगळ्यांतील काहीच दिसणार नाही. त्यांना दिसेल ती खाट, तिच्याजवळचा प्राणवायूचा नळ आणि डोक्यावरचा दिवा. तो नळ सुरू राहावा आणि बिघाड झालाच तर कोणत्या झडपेकडे धावायचे हे त्या रात्रीच्या कर्मचाऱ्याला ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा खर्च आहे.